वृद्धाश्रमातली लोहारशाळा : अंदाजपत्रक वाचताना



शाळेची खोली, देवळाचा सभामंडप, दवाखान्याची गाडी अशा कामांसाठी ऊसबिलातून टनामागे काही रुपये देण्याची रीत साखर कारखान्यांच्या मुलखात जुनी आहे. त्यात आता वृद्धाश्रमाची भर पडू लागली आहे. राहण्याच्या खोल्या झाल्या, जेवणघर झाले, की पुढची मागणी येते ती कामाच्या शेडची. म्हाताऱ्या माणसांच्या हाताला काम हवं, वेल्डिंगचं एक मशीन द्या, चार भिंती उभ्या करा, वर पत्रा घाला, म्हणजे झालं! असे सांगणारा माणूस मनाने चांगलाच असतो. पण चार भिंती आणि वर पत्रा हे काही अंदाजपत्रक नव्हे. आखाडा बाळापूरच्या परिसरात वृद्धाश्रमाच्या आवारात लोखंडकामाचे असे शेड बांधायचे म्हटले, तर खर्च कुठे कुठे दडून बसलेला असतो आणि सभासदाने खिशात हात घालण्याआधी कोणते आकडे मागून घ्यावेत, हे येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे शेड कोणासाठी, ते पाहू. आपल्या भागात वृद्धाश्रमाचे नाव काढले की निराधार म्हातारी माणसे डोळ्यांपुढे येतात, आणि ते खरेही आहे. पण त्यांत कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर असतो, टर्नर असतो, बॉयलरवर जन्म काढलेला माणूस असतो. गावचा लोहार असतो, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणारा असतो. घिसाडी समाजातली एखादी आजी असते, जिने आपल्या मालकाच्या बरोबरीने घण चालवला. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन महिना हजार रुपये ठरली, तीही २०१४ साली. हजार रुपयांत काय येतं, हे सभासदांना आम्ही काय सांगावं? पण पैशापेक्षाही मोठी अडचण वेगळीच आहे. ज्या माणसाने चाळीस हंगाम मिलच्या आवाजावरून बेअरिंगचा दोष ओळखला, त्याला सकाळी चहा, दुपारी जेवण आणि संध्याकाळी भजन एवढ्यावर बसवले, की तो वर्षा-दोन वर्षांत खचतो.

हे केवळ आमचे म्हणणे नाही. वरोड्याजवळच्या आनंदवनाची हकिकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. हातापायांची बोटे झडलेल्या माणसांना त्यांनी भाकरी वाढून गप्प बसवले नाही, कामाला लावले. शेती झाली, विहिरी झाल्या आणि पुढे कार्यशाळाही झाल्या. टिनचे डबे, लोखंडी सामान, अपंगांसाठी तीनचाकी सायकली अशा वस्तू तेथे तयार झाल्या. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेच्या देशोदेशीच्या तरुणांनी तेथे येऊन बांधकामासाठी श्रमदान केले. आमच्या विषयापुरती आनंदवनाची गोष्ट एवढीच, की तिथली कार्यशाळा ही करमणूक म्हणून निघाली नाही. माल विकायचा आहे, हे धरूनच ती चालली.

परदेशात याच गोष्टीने निराळे रूप घेतले. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकापासून निवृत्त पुरुषांसाठी गावोगाव सामाईक शेड निघाली. सुतारकाम, लोखंडकाम, जुन्या यंत्रांची दुरुस्ती असले उद्योग तेथे चालतात. आता अशा शेडची संख्या हजारावर गेली आहे. समोरासमोर खुर्च्या टाकून बसवले तर पुरुष माणूस मनातले बोलत नाही, पण शेजारी उभा राहून कानस घासताना आपोआप बोलतो, असा तिथला अनुभव. आपल्या पारावरही तेच घडतं, फक्त हातात तंबाखू असते.

आता हिशेबाकडे वळू. उदाहरण म्हणून २० फूट बाय ३० फुटांचे, म्हणजे ६०० चौरस फुटांचे शेड धरू. सहा-आठ माणसे एका वेळी काम करतील एवढे ते पुरे. दर आम्ही मुद्दाम देत नाही. लोखंडाचा भाव अंक छापून होईपर्यंत बदलतो. मापे मात्र बदलत नाहीत. मापे हाती असली की दर कोणीही घालू शकतो.

पहिला आणि सर्वांत फसवा खर्च जमिनीखालचा. बाळापूर, शेवाळा, डोंगरकडा या पट्ट्यातली काळी जमीन ऊस-हळदीला सोन्यासारखी, पण बांधकामाला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला, की दुसऱ्याच वर्षी भिंतीला तिरकी चीर जाते. म्हणून पाया काळ्या मातीतून खाली मुरुमापर्यंत न्यावा लागतो. तो मुरूम किती खोल आहे, यावर सगळे गणित अवलंबून. दहा खांब धरा, प्रत्येक खड्डा ४ बाय ४ फूट. मुरूम ३ फुटांवर लागला तर खोदकाम ४८० घनफूट, म्हणजे पाच ब्रासला थोडे कमी. तोच मुरूम ६ फुटांवर गेला तर ९६० घनफूट, म्हणजे साडेनऊ ब्रासच्या वर. खोदकाम दुप्पट, खांबाची जमिनीखालची लांबी दुप्पट, भराव दुप्पट. आणि हे सगळे गाडले जाते, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना दिसत नाही! कागदावर पाया मोघम धरून सुरू केलेली बांधकामे जोत्याशी येऊन वर्षानुवर्षे पडून राहिलेली आम्ही पाहिली आहेत.

खोदून काढलेली काळी माती जोत्यात भरू नये. 'माती फुकट आहे, भरून टाका' असे सांगणारा कोणीतरी हटकून भेटतो, त्याला नमस्कार करावा. जोते २ फूट उंच घेतले तर १,२०० घनफूट, म्हणजे १२ ब्रास भराव लागतो. पाणी मारून, धुमसून तो दबतो, म्हणून मुरूम १५ ब्रास धरावा. वर ४ इंचांची काँक्रीटची जमीन घातली तर २०० घनफूट, म्हणजे २ ब्रास काँक्रीट. एकास दोन, चार या प्रमाणाला सुमारे ३६ पोती सिमेंट, पाऊण ते एक ब्रास वाळू आणि पावणेदोन ब्रास खडी. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचे अंदाजपत्रक कोणी पुढे केले तर ते नव्याने करून मागावे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून केले असेल तर कर आत धरला आहे की वेगळा लागणार, हेही विचारावे. निम्मे घोळ इथेच होतात.

भूकंपाचे नाव काढले की काही मंडळी हसतात. पण २१ मार्च २०२४ ला पहाटे आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा आपल्या कळमनुरी तालुक्यात माणसे घराबाहेर पळाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसे दबली ती बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. तेव्हा वृद्धाश्रमाच्या शेडला भिंती हलक्या, छप्पर हलके, आणि जोत्याच्या व दारावरच्या पातळीला सळईचा अखंड काँक्रीट पट्टा, हे धरूनच चालावे. पट्ट्याचा खर्च एकूण बांधकामात मोठा नसतो. पण काटछाट सुरू झाली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. म्हातारा माणूस धक्का बसल्यावर धावत बाहेर येऊ शकत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

भिंतींचे माप सोपे आहे. भोवताली १०० फूट लांबी, १० फूट उंची, ९ इंच जाडी. दारे-खिडक्या वजा जाता सुमारे साडेसहा ब्रास वीटकाम, म्हणजे साडेआठ ते नऊ हजार विटा. पत्र्यात मात्र अंदाज नेहमी चुकतो. शेड ६०० फुटांचे म्हणून पत्रा ६०० फुटांचा धरतात. चारी बाजूंना २ फूट पागोळीसाठी सोडले की माप २४ बाय ३४ होते, त्यावर छपराचा उतार धरला की ८६० चौरस फूट, आणि पत्र्यावर पत्रा चढतो त्याचा जोड निराळा. साडेनऊशे धरले तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

सळई आणि लोखंड वजनावर येते. वजनाच्या बाबतीत ऊस उत्पादकाला आम्ही शिकवावे असे काही नाही! तरी एक सूत्र लिहून ठेवावे. सळईची मिलिमीटरमधली जाडी तिनेच गुणायची आणि १६२ ने भागायचे, की एक मीटरचे किलोतले वजन मिळते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई १० किलो ६६० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. सळया मोजा, वजन काढा, पावतीशी ताडून पाहा. मापात थोडा फरक चालतो, पण दर सळईमागे किलोभर घट चालत नाही.

येथवरचा हिशेब कोणत्याही शेडला लागू पडतो. वृद्धाश्रमाच्या शेडचा खरा वेगळेपणा यापुढे आहे, आणि बहुतेक अंदाजपत्रकांत नेमका तोच नसतो.

साठीच्या माणसाच्या डोळ्यात तरुणाच्या मानाने सुमारे तिसरा हिस्साच उजेड पोचतो. म्हणजे पोरांच्या वर्कशॉपला पुरतील तेवढे दिवे इथे पुरणार नाहीत. छपरात मधून मधून उजेडाचे पारदर्शक पत्रे आणि प्रत्येक टेबलावर आपला स्वतंत्र दिवा हवा. उंबरठा नको, पायरीऐवजी उतार हवा आणि त्याला कठडा हवा. बसून काम करता येईल अशी निम्मी टेबले बुटकी करावीत. गुळगुळीत फरशीचा मोह टाळावा. धान्याच्या गोदामासारखी खरबरीत जमीनच बरी.

आवाजाचेही गणित असते. हँड ग्राइंडर चालू असला की हाताच्या अंतरावर ९५ डेसिबलच्या पुढे आवाज जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. या हिशेबाने राहत्या खोल्यांपासून शेड निदान १०० फूट दूर हवे. तेवढी जागा नसेल तर खोल्यांकडची भिंत बिनखिडकीची भरीव करावी आणि दुपारी दोन ते चार यंत्रे बंद, असा नियमच लावावा. उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा. म्हणून शेड आवाराच्या पूर्व अंगाला घ्यावे, म्हणजे धूर आणि ठिणग्या खोल्यांकडे जाणार नाहीत. जवळपास पाचट, कडबा, गोणपाट काही नको. एका ठिणगीने किती फड जातात, ते दर उन्हाळ्यात आपण पाहतोच.

धुराविषयी थोडे अधिक. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा वेल्ड केला की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला तर त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो. तरुण माणूस दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागतो, सत्तरीचा माणूस दवाखान्यात जातो. म्हणून आढ्याला हवा जाण्याची फट आणि भिंतीत धूर ओढणारा पंखा पहिल्या दिवसापासून हवा. आणखी एक गोष्ट. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवला आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेल्डिंगच्या केबलीजवळ जाऊ नये. त्या यंत्रावर वेल्डिंगच्या प्रवाहाचा परिणाम होऊ शकतो. त्याला लेखणी-वही द्या, मापे घेऊ द्या, गिऱ्हाईक सांभाळू द्या. कामे काय कमी आहेत?

विजेचे म्हणाल तर वृद्धाश्रमाच्या घरगुती जोडणीवर वेल्डिंग मशीन चालवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. मंजूर भार किती, थ्री फेज जोडणीला किती अनामत, खांब किती लांबून आणावा लागेल, याचे लेखी उत्तर वीज कंपनीकडून आणून अंदाजपत्रकाला जोडावे. अर्थिंगचा खड्डा नीट करावा. मशीन जुन्या पद्धतीचे जड घेण्यापेक्षा इन्व्हर्टर पद्धतीचे घ्यावे. ते आठ-दहा किलोचे, म्हाताऱ्या हाताला उचलते, वीजही कमी ओढते. बाकी ऐरण, भाता, सांडशी, शिकंजा, ड्रिल, बेंच ग्राइंडर एवढ्यावर सुरुवात होते. लेथची घाई करू नये. राजकोटची किंवा बटाल्याची जुनी लेथ स्वस्तात मिळते खरी, पण तिचा पाया, तिचा टर्नर आणि तिला मिळणारे काम, या तिन्हींची खात्री झाल्यावरच ती आणावी.

आता मुख्य मुद्दा. शेड बांधणे एकदाचे असते, चालवणे दरमहाचे असते. रॉड, ग्राइंडरची चाके, कोळसा, हातमोजे, चष्मे, विमा, पत्र्याची दुरुस्ती आणि देखरेखीला एक धडधाकट माणूस, हे सगळे महिन्याच्या महिन्याला लागते. रोज दोन तास प्रत्यक्ष वेल्डिंग, चार किलोवॉट भार, महिन्याचे २५ दिवस असे धरले तर २०० युनिट तिथेच झाली. उदाहरणादाखल समजा, वर्षाचा चालू खर्च १ लाख २० हजार झाला आणि कामातून ६० हजार सुटले. उरलेले ६० हजार दर वर्षी कुठून आणायचे? ते ठेवीच्या व्याजातून यावेत असे म्हटले, तर सात टक्क्यांनी साडेआठ लाखांवर ठेव लागते. म्हणजे शेडच्या जोडीला जवळजवळ दुसरे शेडच बँकेत ठेवावे लागते! आकडे आमचे समजण्यापुरते आहेत, खरे आकडे ज्या त्या संस्थेने मांडावेत. पण ज्या अंदाजपत्रकात हा रकाना कोरा आहे, ते अर्धेच आहे असे आम्ही मानतो. अशा शेडला तिसऱ्या वर्षी कुलूप लागते आणि आत बटाट्याची पोती पडतात.

तूट कमी करण्याचा मार्ग आपल्याच हातात आहे. हंगामाआधी टोळ्या येतात तेव्हा कोयत्यांना धार लागते, नवे दांडे लागतात. हळदीच्या काढणीला कुदळी, खुरपी लागतात. पाण्याच्या टाकीचे स्टँड, फाटक, शाळेची बाके, ठिबकच्या फिल्टरची बैठक ही कामे सभासद बाहेरून करून घेतातच. त्यांतली चार कामे इकडे वळवली तर ती देणगीपेक्षा मोलाची. मात्र दर बाजाराचाच द्यावा आणि मालही बाजाराच्या तोडीचा मागावा. दया म्हणून वाकडे फाटक घेऊ नये. जुन्या फिटरला ते मुळीच आवडणार नाही.

पैसा उभारण्याबद्दल. तीन लाख टन गाळप झाले तर टनामागे एक रुपया म्हणजे तीन लाख. ८० टन ऊस घातलेल्या सभासदाच्या वाट्याला ८० रुपये. ऐकायला हलके वाटते. पण कपात सभासदाच्या लेखी संमतीनेच व्हावी, आणि ती एका हंगामापुरती की दरसालची, हे ठरावात स्पष्ट असावे, असे आमचे ठाम मत आहे. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ६९ प्रमाणे निव्वळ नफ्यातून ठरावीक मर्यादेत सार्वजनिक कामाला रक्कम देता येते. पण त्याला आधी नफा लागतो! ज्याला रोख देणे जमत नाही, त्याने ट्रॅक्टरच्या चार खेपा मुरूम द्यावा, चार दिवस श्रमदान करावे. संस्थेने मात्र त्याची किंमत धरून ती वहीत जमेला लिहावी, म्हणजे शेडला खरोखर किती लागले, ते पुढच्या गावाला सांगता येईल.

कागदपत्रांचे थोडक्यात. जागा संस्थेच्या नावावर आहे का, ती अकृषिक आहे का, बांधकामाची परवानगी आहे का, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब वेळेवर जातात का, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तर देताना कोणी रागावले, तर ते उत्तरच समजावे. शिवाय अनपेक्षित खर्चाला सरकारी कामात धरतात त्यापेक्षा अधिक, निदान दहा टक्के, आपण धरावेत. काळ्या जमिनीत ते लागतातच.

सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे असा एखादा ठराव यायचा असेल, तर चाचणीचा खड्डा त्याआधीच्या उन्हाळ्यात, मृगापूर्वी खणलेला हवा. नंतर पाणी साचते आणि काही समजत नाही. शेडच्या दोन टोकांना दोन खड्डे पुरतात. जेसीबीला अर्धा दिवस लागतो. तेवढा खर्च मागणी करणाऱ्या संस्थेने स्वतःच्या खिशातून करावा, मुरूम किती फुटांवर लागला त्याचे माप इंजिनिअरच्या सहीने घ्यावे, आणि मग अंदाजपत्रक घेऊन सभासदांच्या दारी यावे.